आबांचं नाव जिथे जिथे जाऊन आलं

या ब्लॉगवर नेहमी येणाऱ्यांना सवय आहे ती कोकणातल्या खानावळींची, घाटरस्त्यांची आणि माझ्या जुन्या छोट्या गाडीच्या कुरकुरीची. यावेळचा प्रवास आहे पिंपळे गुरव ते चाकणच्या पुढचं एक गाव. अंतर पस्तीसेक किलोमीटर. रोज हजारो माणसं कंपनीच्या बसमध्ये डुलक्या घेत हा प्रवास करतात आणि त्यावर कुणी कधी काही लिहीत नाही. मीही लिहिलं नसतं. पण गेल्या वर्षी माझे वडील गेले, आणि त्यांच्या दहाव्याला जे झालं त्यानं मला या रस्त्यावर आणून सोडलं.

मी एकुलती एक, त्यामुळे विधी मीच करत होते. गुरुजींनी वडिलांचं नाव विचारलं, मी सांगितलं, "नामदेव." त्यांनी गोत्राचा उच्चार केला, नाव घेतलं, पिंड मांडला. माझ्या बाजूला माझे थोरले चुलते उभे होते. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. नाव ऐकताच ते दोन पावलं मागे सरकले. कारण नामदेव हे त्यांचं नाव आहे. माणूस जिवंत, हात जोडून घाटावर उभा, आणि समोर त्याच्याच नावाचा पिंड.

आता हे नीट सांगायला हवं. माझ्या वडिलांचं खरं नाव किसन. (दोन्ही नावं बदलून लिहिली आहेत, आणि पलटणीचं नाव लिहिणारच नाही.) आबा थोरले, बाबा धाकटे. आबा सातवी पास झालेले आणि त्यांना सैन्यात जायचं होतं. भरतीला गेले, पण छाती भरली नाही, साहेबांनी खडूची रेघ ओढून बाजूला काढलं. बाबांची छाती पैलवानाची, पण शाळा चौथीतच सुटलेली. मग घरात ठरलं. पुढच्या भरतीला किसन गेला, आबांचा शाळा सोडल्याचा दाखला घेऊन. छाती धाकट्याची, दाखला थोरल्याचा. चौकशीला पोलीस आले तेव्हा पोलीस पाटलांनी सांगितलं की हो, हाच नामदेव, आणि सगळं गाव त्यावर मान डोलावून मोकळं झालं. त्या काळात आसपासच्या गावांत असं आणखीही कुणीकुणी केलं असणार. कुणाला त्यात लबाडी वाटली नाही. एका घरातला एक मुलगा जायचा होता, तो गेला.

तेव्हापासून बाबा गावात किसन आणि बाहेर नामदेव; घाटावर माझ्या तोंडून सवयीनं तेच बाहेरचं नाव निघालं. आईची मात्र अडचण नव्हती, ती जन्मभर "अहो" म्हणत आली. हळदीकुंकवाला उखाण्याची वेळ आली की गावच्या बायकांत किसनराव आणि पिंपळे गुरवच्या बायकांत नामदेवराव, एवढं भान ठेवलं की झालं. एकदा तिची गडबड झाली होती आणि शेजारच्या काकू आठवडाभर तिच्याकडे संशयानं बघत होत्या. आम्ही त्यावर कितीतरी वर्षं हसत आलो. आई बाबांच्या आधीच गेली. आता दोघंही नाहीत, म्हणून हे लिहिता येतं आहे.

तर दहाव्याहून परतताना आबा गाडीत माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, "सुरेखा, नाव माझं गेलं. त्यो कुठं गेला?"

मी गाडी चालू केली. मग तेच पुढे म्हणाले, "माझं नाव घिऊन त्यो कुठंकुठं फिरला, ते तरी मला कळू दे. म्या पुणं बघितलं, जेजुरी बघितली. त्यापल्याड गेलो न्हाई. माझं नाव गेलं."

बाबा नोकरीबद्दल कधी बोललेच नाहीत. पत्रावर गावाचं नाव नसायचं, नुसता सैन्याच्या टपालाचा आकडा. विचारलं तर म्हणायचे, "तिकडे थंडी असते." एवढंच. सेवापुस्तिका होती, ती नदीचं पाणी आमच्या तळमजल्यात शिरलं तेव्हा लगदा होऊन गेली. म्हणजे बाबा कुठे कुठे होते हे जगात आता एकाच ठिकाणी लिहिलेलं होतं, पलटणीच्या अभिलेख कार्यालयात. तिथून नोंदींची प्रत मागवायची असं मी ठरवलं. पण "बघू, करू" यात दिवस जात राहिले, माझी कंपनी, माझं ऑडिट, मुलाची बारावी. मग एके दिवशी मोठ्या आईचा, म्हणजे आबांच्या बायकोचा, फोन आला. आबांच्या फुफ्फुसांचं दुखणं वाढलं होतं. चाकणच्या डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन जे सांगितलं ते तिनं मला सांगितलं आणि म्हणाली, "तेवढं कागदाचं बघ बाई. रोज इचारत्यात."

पहिली फेरी

पिंपळे गुरवमधून सकाळी सहाला निघालात तरच हा रस्ता तुमचा. सातनंतर तो कंपन्यांच्या बसचा आणि नऊनंतर देवाचा. कासारवाडीच्या उड्डाणपुलावरून नाशिक रस्त्याला लागायचं, भोसरी मागे टाकायची, मोशीत नाश्ता करायचा. मी नेहमी थांबते तिथली मिसळ झणझणीत असते, शंभराच्या आत पोट भरतं, आणि मालक तर्री मागणाऱ्याकडे प्रेमानं बघतो. इंद्रायणीचा पूल ओलांडला की चिंबळी फाटा, कुरुळी, आळंदी फाटा, आणि मग चाकणचा तळेगाव चौक. इथे सिग्नल आहे असं म्हणतात. मला तो चालू दिसला की मी मनातल्या मनात एक नारळ बोलते. तिथून आंबेठाण रस्त्यानं आत, दोन्हीकडे कंपन्यांच्या भिंती, कंटेनरच्या रांगा, आणि मध्येच एखादं कांद्याचं वावर चुकून राहिलेलं.

अर्ज द्यायला पिंपरीला जायचं होतं आणि आबांचा बरोबर यायचा हट्ट होता; ते तयार होऊन ओट्यावर बसले होते. पांढरं धोतर, कडक टोपी, जसे काही भरतीलाच निघालेत. मोठ्या आईनं डब्यात मासवडी आणि बाजरीची भाकरी बांधून दिली. आमच्या खेड-जुन्नर भागात पाहुण्याला मासवडी केली नाही तर बायकांना रात्री झोप लागत नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, यात मासा नसतो. बेसनाच्या वडीत तीळ-खोबऱ्याचं सारण भरतात आणि सोबत तिखट रस्सा.

गाडीत आबा खिडकीबाहेर बोट दाखवत होते. "हितं आपला कांदा व्हता. त्या शेडच्या जाग्यावर. पलीकडं बांधाला बाभळ व्हती." जमीन औद्योगिक वसाहतीत गेली त्याला जमाना झाला. मी मान डोलावत होते, पण मला ती निळी शेडच दिसत होती.

मध्येच त्यांनी विचारलं, "तुझं सासरचं नाव काय गं?"

"मानसी."

"आन् ह्या इतक्या वर्सांत तुला मागनं कुनी मानसी म्हनलं तर बघतीस मागं?"

"बघते की. कंपनीत सगळे मानसी मॅडमच म्हणतात."

"आन् सुरेखा म्हनलं तर?"

मी हसले. "तर थांबते."

"तसंच त्याचं," आबा म्हणाले. "नामदेव म्हनलं की बघायचा. किसना म्हनलं की थांबायचा. आता किसना म्हननारा मी येकटा ऱ्हायलोय."

लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं गेलं तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते. मीही लाजून हसत होते. त्या नावाखाली जुनं नाव कुठे जातं हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्या दिवशी गाडीत ते पहिल्यांदा एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं सांगितलं. माझे डोळे भरून आले. समोर कंटेनर होता म्हणून बरं, वेग कमीच होता.

भोसरीत आल्यावर आबा म्हणाले, "त्याची कंपनी दाव."

सैन्यातून निवृत्त झाल्यावर बाबा भोसरीतल्या एका कारखान्याच्या गेटवर सुरक्षारक्षक होते. आपल्या पट्ट्यातल्या निम्म्या गेटांवर माजी सैनिक उभे असतात, तसेच तेही. मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. आबा उतरले नाहीत, काच खाली करून बघत राहिले. गेटवर एक तरुण रक्षक गाड्यांचे नंबर लिहून घेत होता. वर पत्रा, खाली प्लास्टिकची खुर्ची, बाजूला पाण्याचा जार.

"हितं उभा असायचा?"

"हो. बरीच वर्षं."

"हितनं गाव केवढं लांब?"

"ट्रॅफिक नसेल तर पाऊण तास."

आबांनी काच वर केली. मग म्हणाले, "म्या खोली बांधली व्हती त्याला. पलटनीतनं सुटला की येईल, दोघं मिळून वावर बघू. सतरा वर्सं येकट्यानं नांगर धरला त्यो त्याच जोरावर. सुटला, आन् हितं यिऊन उभा ऱ्हायला."

बाबा गावी न जाता पिंपळे गुरवला राहिले ते माझ्या शाळेसाठी, हे मला माहीत होतं. आबांनाही माहीत असणार. आम्ही दोघंही ते बोललो नाही. बाबा सणाला जायचे, जत्रेला जायचे, पेरणीला दोन दिवस जायचे, आणि दर वेळी परत यायचे. मला लहानपणी ते अगदी सरळ वाटायचं. त्या गेटसमोर बसून मात्र फार वाईट वाटलं.

पिंपरीत माजी सैनिकांचं एक मदत केंद्र आहे, दोन खोल्या आणि एक पंखा. ते चालवणारे साताऱ्याकडचे निवृत्त सुभेदार. त्यांच्यापुढे मी कागद ठेवले. आता ज्यांना असा अर्ज करायचा आहे त्यांनी हे लक्षात ठेवा. सैनिकाचा सेवा क्रमांक सगळ्यात महत्त्वाचा, तो नसेल तर पेन्शनच्या कागदांवर मिळतो. मृत्यूचा दाखला लागतो, अर्जदाराचं ओळखपत्र लागतं आणि नात्याचा पुरावा लागतो. माझ्यासारख्या लग्नात नाव बदललेल्या मुलींनी विवाह नोंदणीचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र आधीच करून न्यावं, कारण बापाच्या नोंदीत सुरेखा असते आणि आधारवर मानसी. अर्ज पलटणीच्या अभिलेख कार्यालयाला पोस्टानं जातो. खर्च म्हणाल तर झेरॉक्स, नोटरी आणि स्पीड पोस्ट. खरा खर्च धीराचा.

सुभेदारांनी सगळं तपासलं, चष्मा वर केला आणि आबांकडे वळून सहज विचारलं, "आणि आबा, आपलं नाव?"

एवढी तयारी केली, प्रतिज्ञापत्र केलं, आणि हे आबांना बजावून ठेवायचं राहूनच गेलं होतं.

"नामदेव," आबा म्हणाले, आणि पुढे वडिलांचं नाव, आडनाव, सगळं सांगून मोकळे झाले.

सुभेदारांनी हातातला अर्ज पाहिला. मग मृत्यूचा दाखला पाहिला. मग आबांकडे पाहिलं.

"हे तर वारलेल्यांचं नाव."

"माझंच हाय," आबा म्हणाले. आवाजात भीती नव्हती, उलट थोडी ऐट होती. "त्याला दिलं व्हतं."

सुभेदारांनी अर्ज टेबलावर उपडा ठेवला आणि म्हणाले, "आबा, तुम्ही काय करत होता?"

"शेती."

"एकट्यानं?"

"मंग कोन व्हतं दुसरं?"

सुभेदार उठले, दाराशी जाऊन कुणाला तरी तीन चहा सांगितले आणि परत येऊन बसले. "ताई," ते मला म्हणाले, "अर्जदार तुम्ही. सही तुमची. आबा तुमच्याबरोबर चहा प्यायला आलेत. मी त्यांचं नाव विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. कळलं का?"

मी मान हलवली. चहा गोड मिट्ट होता. आबांनी बशीत ओतून तो प्यायला आणि सुभेदारांना विचारलं, "सायेब, कागद कवा यील?"

"सांगता येत नाही, आबा. लिहितात, शोधतात, पाठवतात. वेळ जातो."

"लई नगा लावू," आबा म्हणाले. "मला घाई हाय."

दुसरी फेरी

पाकीट आलं तेव्हा थंडी सुरू झाली होती. मी ते आधी सुभेदारांकडे नेलं, कारण आतली निम्मी भाषा संक्षिप्त खुणांची होती. त्यांनी दुपारभर बसून प्रत्येक खुणेच्या बाजूला पेन्सिलीनं अर्थ लिहून दिला, आणि पेढे दिले तर एकच घेतला. घरी येऊन मी सगळं वाचलं. शेवटच्या पानावर आले आणि वाटलं, हे आबांना कसं वाचून दाखवू? रविवारी निघाले तेव्हाही ते ठरलं नव्हतं.

रविवारी तरी रस्ता मोकळा असेल असं समजणाऱ्यांसाठी ही सूचना. चाकणमध्ये लग्नसराईत रविवार नसतो. तळेगाव चौकात मी इतका वेळ उभी होते की शेजारच्या टेम्पोवाल्याशी ओळख झाली. "ताई, गाडी बंद करा, पेट्रोल वाचवा," तो म्हणाला. "इथं माझं पोरगं चालायला शिकलं." मी हसले आणि मग मागच्या सीटवरच्या पाकिटाकडे नजर गेली. माणूस तिकडे श्वास मोजतोय आणि आपण इथे.

आबा आता खाटेवरच होते. नाकात नळी, बाजूला प्राणवायूचं यंत्र घरघरत होतं. चार महिन्यांत माणूस इतका लहान होऊ शकतो यावर माझा विश्वास बसेना. मला बघून त्यांनी विचारलं ते एवढंच, "आनलंस?"

मोठी आई पायथ्याशी बसली. मी इंग्रजीचं मराठी करत वाचायला लागले.

"नसिराबाद."

"कुठं आलं?"

"राजस्थानात. वाळवंटाच्या बाजूला." मी साल सांगितलं.

आबांनी डोळे मिटले. "त्या साली आपली इहीर चालली व्हती. खाली कातळ लागला. पहार मारून मारून हाताला फोड आलं व्हतं." मग डोळे उघडून, "पुढं."

"फिरोजपूर. पंजाबात, सीमेवर."

"तवा खिल्लारी जोडी घेतली. येक बैल मारका निघाला. पुढं."

"लेह."

"बरफाचं?"

"हो. दोन वर्षं."

"सासूबाईंनी त्याला गोधडी शिवली व्हती," मोठी आई मध्येच म्हणाली. "नऊवारीची, चांगली जाड. पन धाडायची कुठं? पत्त्यात गावच नसायचं. मंग ती आमच्या थोरल्या पोरीला दिली."

असं चाललं होतं. मी गावाचं नाव घ्यायचे आणि आबा त्या वर्षी वावरात काय होतं ते सांगायचे. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ प्रवास केला, पण असा नकाशा कधी पाहिला नव्हता. एका बाजूला लेह आणि दुसऱ्या बाजूला गोधडी. एकच नाव दोन्हीकडे राबत होतं, आणि दोघांनी एकमेकांना त्यातलं काही सांगितलं नव्हतं.

तेजपूर आलं. तिथे एक नोंद होती. लष्करी रुग्णालयात दाखल, हिवताप, गंभीर. पुढे बरेच दिवस तिथेच. मी ती गाळणार होते, पण तोंडातून निघून गेली.

आबा उठून बसायला लागले. मोठ्या आईनं खांदा धरला. "गंभीर म्हंजी?"

"बरे झाले ते, आबा. पुढे झाशीला गेले की."

"कळवलं न्हाई. येवढं झालं आन् कळवलं न्हाई."

"कळवून तुमी काय करनार व्हता?" मोठी आई म्हणाली.

"गेलो असतो."

"कुठं जानार? गाव तर म्हाईत न्हवतं."

आबा परत आडवे झाले. गालावरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचीही त्यांना गरज वाटत नव्हती. मी पान उलटलं, काहीतरी साधं सापडावं म्हणून. भरतीच्या दिवशीची माहिती होती. उंची, वजन, छाती, फुगवून किती. आणि ओळखीची खूण.

"उजव्या भुवईवर जुना व्रण," मी वाचलं.

आबांनी हात उचलला आणि स्वतःच्या उजव्या भुवईवर बोट ठेवलं. "त्यो माझ्या गोफनीचा," ते म्हणाले. "जोंधळ्यात पाखरं राखत व्हतो. म्या धोंडा सोडला आन् ह्यो मधी आला. रगात बघून मीच रडलो, त्यो न्हाई रडला. त्यानं आईला सांगितलं, बांधावरनं पडलो."

माझ्यापाशी बाबांचं खोटं वेगळंच होतं. मला त्यांनी तो व्रण सीमेवरचा आहे असं सांगितलं होतं, आणि शाळेत मी ते मैत्रिणींना ऐटीत सांगत फिरायचे. मला रडताना हसू आलं.

"पुन्यांदा वाच," आबा म्हणाले. मी पुन्हा वाचलं. "बघ," ते मोठ्या आईला म्हणाले, "नाव माझं, पर वळख त्याची लिवलीय. किसनाच हाय ह्यो. पलटनीलाबी किसनाच गावला."

त्यानंतर त्यांना धाप लागली. मोठ्या आईनं मला खुणेनं थांबवलं. एकच पान राहिलं होतं. मी ते वाचलं नाही, आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. कागद पाकिटात घातले. आबांचा डोळा लागला होता. जेवणाला नाही म्हणून चालणार नव्हतं, तेव्हा चुलीपाशी बसून अर्धी भाकरी खाल्ली आणि निघाले.

घरी

परतीचा रस्ता मोकळा मिळाला, ज्या दिवशी मला तो नको होता. भोसरीत त्या गेटसमोरून आले तेव्हा शिफ्ट सुटत होती. घरी येऊन चहा केला, मुलाला त्याच्या आजोबांच्या गावांची यादी दाखवली. त्यानं मोबाइलवर एकेक गाव काढून पाहिलं आणि म्हणाला, "आई, आपण लेहला जाऊ या ना." मी म्हटलं, जाऊ. तुम्ही वाचणारे आता विचाराल की मग या सगळ्याचं काय झालं, काय मिळालं. नोंद दुरुस्त करता येत नाही, मी विचारून पाहिलं. माणूस गेला की त्याचं नाव जसं लिहिलं तसं राहतं. किसन या नावाचा सैनिक कुठेच नव्हता आणि तसाच राहील. पण तुमच्या घरात असा कुणी असेल, आणि त्याच्याबद्दल ऐकायला थांबलेलं कुणी असेल, तर अर्ज आजच करा. मी काही महिने उगाच घालवले. ते महिने आबांचे होते.

त्याच दिवशी दिवेलागणीला फोन वाजला. मोठी आई लावून देते आणि आबा बोलतात.

"सुरेखा, शेवटचं पान का न्हाई वाचलंस?"

झोपलेत असं मी समजत होते. "तुम्हाला धाप लागली होती, आबा."

"आता न्हाई लागली. वाच."

मी पाकीट आणलं. शेवटचं पान काढलं. या माणसानं सतरा वर्षं एकाच गोष्टीची वाट पाहिली होती, आणि ती झाली नव्हती. तिचंच हे पान होतं.

"सेवा समाप्त," मी वाचलं. "वर्तणूक अत्युत्तम. घरच्या पत्त्यावर रवाना." आणि त्याखाली आमच्या गावाचं नाव, तालुका खेड, जिल्हा पुणे.

"रवाना म्हंजी?"

"म्हणजे घरी पाठवलं, आबा. गावी."

तिकडून यंत्राची घरघर ऐकू येत राहिली. मग आबांचा आवाज आला, हळू, पण अगदी स्पष्ट.

"बरं झालं," ते म्हणाले. "कागदावर तरी आला घरी."